सेन्सरवरचे काजवे

मे महिना सरत आला, वळवाचे एकदोन शिडकावे होऊन गेले आणि हवेत दमटपणा भरू लागला, की अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजव्यांचा जो विलक्षण सोहळा सुरू होतो, तो पाहण्यासाठी येणाऱ्या मंडळींत कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन येणारांची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. या चित्रणाची पद्धत आता रूढ झाली आहे. कॅमेरा एका जागी पक्का बसवायचा, वीस-तीस सेकंदांच्या एक्स्पोजरच्या अनेक फ्रेम एकामागून एक घ्यायच्या, आणि घरी आल्यावर संगणकात त्या एकीवर एक रचून प्रत्येक बिंदूच्या ठिकाणी सर्व फ्रेमपैकी जे मूल्य सर्वांत उजळ असेल तेवढेच कायम ठेवायचे. अशा रीतीने तासाभरात चमकून गेलेले सगळे काजवे एकाच चित्रात येऊन बसतात. परंतु असे चित्र मोठे करून बारकाईने पाहिले असता त्यातील काही ठिपके झाडाच्या बुंध्याच्या ऐन मध्यभागी, काही जलाशयाच्या पाण्यात, तर काही मोकळ्या आकाशात बसलेले आढळतात. त्यांतले कित्येक तांबडेलाल किंवा गर्द निळे असतात, आणि आपल्या सह्याद्रीतला काजवा तर पिवळसर हिरवा चमकतो. हे ठिपके रानात कोठेही नव्हते. ते कॅमेऱ्याने स्वतःच्या पदरचे घातलेले असतात, आणि छायाचित्रकारांच्या बोलीत त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात.

या उपद्रवाचे मूळ समजून घ्यावयाचे तर सेन्सर काम कसे करतो ते थोडे पाहावे लागते. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांनी सीसीडी या साधनाची कल्पना मांडली, आणि तिच्याबद्दल त्यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक कॅमेऱ्यांत आणि मोबाइलमध्ये सीसीडीची जागा सीमॉस जातीच्या सेन्सरने घेतली आहे. परंतु दोहोंचे मूलतत्त्व एकच आहे. सिलिकॉनच्या स्फटिकावर प्रकाशाचा कण आपटला आणि त्याची ऊर्जा सुमारे १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा अधिक असली, तर स्फटिकाच्या बंधनातला एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. प्रत्येक पिक्सेल असे मोकळे झालेले इलेक्ट्रॉन आपल्या जागेत साठवितो, आणि मुदत संपताच त्यांची मोजदाद होऊन तिचा आकडा चित्रात रुजू होतो. मोजणाऱ्याला फक्त इलेक्ट्रॉन कळतात. ते कोणी मोकळे केले याची चौकशी करण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. सर्व घोटाळ्याचे बीज येथे आहे.

कारण इलेक्ट्रॉन मोकळे करण्याचा अधिकार एकट्या प्रकाशाचा नाही. उष्णतेनेही तेच घडते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा वर सांगितलेल्या ऊर्जेच्या सुमारे चाळिसाव्या हिश्श्याइतकीच असल्यामुळे निर्दोष स्फटिकात हा प्रकार क्वचित घडतो. तथापि जेथे स्फटिकाच्या जाळ्यातील एखादा अणू जागेवरून हललेला असेल, किंवा एखाद्या परक्या धातूचा अंश त्यात शिरलेला असेल, तेथे इलेक्ट्रॉनाला वर चढण्यासाठी मध्येच एक पायरी मिळते, आणि जी उंची एका उडीत गाठणे दुष्कर होते ती तो दोन टप्प्यांत सहज गाठतो. काळोखातच वाहणाऱ्या या प्रवाहाला डार्क करंट म्हणतात. तो प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडाफार असतोच. ज्या पिक्सेलमध्ये अशी पायरी नेमकी मोक्याच्या जागी पडलेली असते तो आपल्या शेजाऱ्यांच्या शेकडोपट वेगाने भरू लागतो, आणि पूर्ण अंधारातही जणू त्याच्यावर कोणी दिवा धरला आहे असा आकडा तो कळवितो. हाच हॉट पिक्सेल. याच्या उलट, ज्याची वाचन-यंत्रणाच बिघडली आहे आणि जो एक्स्पोजर सेकंदाच्या हजाराव्या भागाचे असो की मिनिटभराचे, नेहमी एकच ठरावीक उजळ आकडा सांगतो, त्याला स्टक पिक्सेल म्हणावे. आणि जो प्रकाशातही शून्यच सांगत राहतो तो डेड पिक्सेल. व्यवहारात लोक ही तिन्ही नावे सरमिसळ वापरतात. पण पहिल्याचा इलाज वेळ आणि तापमान यांच्याशी निगडित असल्यामुळे हा भेद मनात पक्का ठेवणे फायद्याचे असते.

एकाच पिक्सेलचा दोष एवढा रंगीत आणि एवढा ठसठशीत का दिसावा, याचेही कारण आहे. सेन्सरला स्वतःला रंग कळत नाही. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी १९७६ साली पेटंट घेतलेल्या रचनेनुसार पिक्सेलवर लाल, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी बसविलेली असते. तीत निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. प्रत्येक पिक्सेल एकाच रंगाची साक्ष देतो, आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून अदमासाने भरले जातात. साहजिकच लाल गाळणीखालचा पिक्सेल खोटे बोलला की त्याचे खोटे शेजारच्या पिक्सेलांच्या हिशेबातही शिरते, आणि मूळचा एक बिंदू फुलीसारखा पसरट, भडक लाल ठिपका होऊन बसतो. त्यावर जेपीईजीच्या संक्षेपाचा हात फिरला की तो आणखी चोळवटतो. म्हणूनच या दोषाचा बंदोबस्त रॉ फाइलवर, रंग भरण्यापूर्वी, करावा असे जाणकार सांगतात. आणि निम्मे पिक्सेल हिरव्या गाळणीखाली असल्यामुळे निम्मे हॉट पिक्सेल हिरवेच उमटतात, ही गोष्ट काजव्यांच्या छायाचित्रकाराला सर्वांत अडचणीची आहे. लाल-निळा ठिपका नजरेला तत्काळ खुपतो, हिरवा मात्र काजव्यांच्या गर्दीत बेमालूम मिसळून जातो.

तापमानाचा परिणाम या प्रकरणात किती जबर असतो याची कल्पना पुष्कळांना नसते. डार्क करंट दर सहा ते आठ अंश सेल्सिअसला साधारण दुप्पट होतो. डिसेंबरातील हरिश्चंद्रगडावरची रात्र दहा अंशांची धरली आणि मेअखेरची कोंदट रात्र चौतीस अंशांची, तर या चोवीस अंशांच्या फरकाने तोच सेन्सर, तेवढ्याच एक्स्पोजरमध्ये, आठ ते सोळापट खोटा उजेड गोळा करतो. शिवाय बाहेरची हवा आणि सेन्सर यांचे तापमान एक नसते, कारण फ्रेममागून फ्रेम घेत राहिल्याने किंवा मागचा पडदा सतत चालू ठेवल्याने कॅमेऱ्याच्या पोटातली उष्णता वाढत जाते. हिवाळ्यात निष्कलंक वाटलेला कॅमेरा उन्हाळ्यात एकाएकी बिघडला अशी तक्रार घेऊन लोक दुकानदाराकडे जातात, त्यातल्या बऱ्याच प्रसंगी कॅमेरा होता तसाच असतो आणि ऋतू बदललेला असतो. वेधशाळांनी म्हणूनच फार पूर्वीपासून थंडाईचा मार्ग धरला. हौशी खगोल-छायाचित्रकारांच्या खास कॅमेऱ्यांत विजेवर चालणारा पेल्तिए शीतक बसविलेला असतो, आणि मोठ्या दुर्बिणींचे सेन्सर द्रव नायट्रोजनाच्या साहाय्याने शून्याच्या खाली शंभर अंशांच्या आसपास नेऊन ठेवतात. तेथे डार्क करंट जवळजवळ नाहीसाच होतो.

हे सदोष पिक्सेल येतात कोठून? काही कारखान्यातूनच येतात. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे दोन कोटी चाळीस लक्ष पिक्सेल. त्यांत लाखात एक जरी सदोष निघाला तरी दोनशे चाळीस झाले. एकही दोष नसलेला सेन्सर विकावयाचा असे ठरविले तर कॅमेरा सामान्य माणसाच्या आवाक्यात राहणार नाही, म्हणून कारखान्यात प्रत्येक सेन्सरची तपासणी होऊन सदोष पिक्सेलांची यादी कॅमेऱ्याच्या स्मृतीत नोंदविली जाते, आणि त्या जागी शेजाऱ्यांवरून काढलेले मूल्य भरण्याचा हुकूम कायमचा दिलेला असतो. परंतु पुढे वापरात नवे दोष उत्पन्न होतात. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाचे ग्लेन चॅपमन आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे इस्राएल कोरेन यांच्या गटाने वर्षानुवर्षे निरनिराळे कॅमेरे तपासून असे दाखविले, की हे दोष सेन्सरभर यदृच्छया विखुरलेले असतात, एके ठिकाणी पुंजक्याने येत नाहीत, आणि कॅमेऱ्याच्या वयाबरोबर त्यांची संख्या एकसारख्या गतीने वाढत जाते. पदार्थातच खोट असती तर ती पुंजक्याने दिसली असती. यावरून त्यांनी बोट ठेवले ते अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांवर. हे किरण वातावरणात आदळून न्यूट्रॉनादी कणांची जी वृष्टी होते, तीतला एखादा कण सिलिकॉनच्या अणूला त्याच्या जागेवरून उडवितो आणि स्फटिकात कायमची जखम करून जातो. समुद्रसपाटीला ही वृष्टी विरळ असते. विमानाच्या उंचीवर ती शेकडोपट दाट असते.

अवकाशात तर विश्वकिरणांना अडवायला वातावरणच नसते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या हबल दुर्बिणीच्या सेन्सरवर दररोज नवे हॉट पिक्सेल उगवतात. त्यावर तेथील शास्त्रज्ञांनी योजलेला उपाय मला या साऱ्या विषयातला सर्वांत मनोज्ञ भाग वाटतो. एरवी शून्याच्या खाली ऐंशी अंशांच्या आसपास राखलेले हे सेन्सर, साधारण महिन्यातून एकदा, शीतकरण थांबवून हेतुतः खोलीच्या तापमानाजवळ आणतात आणि काही तास तसेच ठेवतात. त्या उबेत विस्थापित अणूंना हालचाल करण्यास वाव मिळतो, जाळ्यातल्या कित्येक जखमा भरून येतात, आणि पुन्हा थंड केल्यावर नव्या हॉट पिक्सेलांपैकी मोठा हिस्सा नाहीसा झालेला आढळतो. जे भरून येत नाहीत ते साचत राहतात. हे वाचून कोणी आपला कॅमेरा उन्हात तापवू नये, कारण तो मुळातच खोलीच्या तापमानात, म्हणजे हबलच्या उपचाराच्या तापमानातच, बारा महिने नांदत असतो. जे भरून यावयाचे ते केव्हाच भरून आलेले असते.

आपल्या कॅमेऱ्याची परीक्षा घरी करता येते आणि तिला खर्च काही नाही. लेन्सवर झाकण लावावे, डोळा लावावयाची काचही कापडाने झाकावी, फोकस हाताकडे घ्यावा, रॉ निवडावे आणि एका ठरावीक आयएसओवर प्रथम सेकंदाच्या साठाव्या भागाची, मग एका सेकंदाची, मग तीस सेकंदांची अशा फ्रेम घ्याव्यात. संगणकावर त्या शंभर टक्के मोठ्या करून पाहू लागले म्हणजे पहिली फ्रेम बहुधा काळीभोर असते. तीतही जो बिंदू उजळ राहिला तो स्टक. तिसरी फ्रेम पाहताना मात्र नवख्याच्या काळजात धस्स होते, कारण झाकण लावून काढलेल्या त्या चित्रात लाल, हिरव्या, निळ्या बिंदूंचे एक छोटे तारांगणच उघडलेले असते. घाबरण्याचे कारण नाही. अर्ध्या मिनिटाच्या एक्स्पोजरला ही अवस्था बहुतेक निरोगी सेन्सरांची असते. तेवढी खातरजमा मात्र करून घ्यावी, की दिसणारा ठिपका चित्रातलाच आहे, कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा नाही; चित्र पडद्यावर सरकविले आणि ठिपका जागचा हलला नाही तर दोष पडद्याचा. सेन्सरवर बसलेली धूळ ही निराळीच बाब आहे. ती काळपट, मऊ कडांची दिसते आणि लेन्सचे छिद्र लहान केले की स्पष्ट होते. हॉट पिक्सेलला लेन्सशी कर्तव्य नसते.

आता इलाजांकडे वळू. बहुतेक कॅमेऱ्यांत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन नावाची सोय असते. ती चालू असली की दीर्घ एक्स्पोजर संपताच कॅमेरा शटर मिटून तेवढ्याच मुदतीची दुसरी फ्रेम अंधारातच घेतो आणि पहिल्या फ्रेममधून ती वजा करतो. तेल घ्यायला गेले असता दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो आणि मगच तेल जोखतो, तोच हा न्याय आहे. एखाददुसरे निसर्गचित्र घ्यावयाचे असेल तर ही सोय निःशंक वापरावी. पण काजव्यांच्या किंवा ताऱ्यांच्या चित्रणात तिची मोठी अडचण होते. तीस सेकंदांच्या प्रत्येक फ्रेममागे तीस सेकंद कॅमेरा आंधळा होऊन बसतो; निम्मी रात्र त्यात जाते, आणि ताऱ्यांच्या वर्तुळाकार रेषा टाके घातल्यासारख्या तुटक येतात.

स्टक पिक्सेलसाठी, आणि वारंवार त्रास देणाऱ्या हॉट पिक्सेलसाठी, पिक्सेल मॅपिंग हा उपाय आहे. कारखान्यात केलेली ती यादी या क्रियेने नव्याने तयार होते. ऑलिंपस, पेंटॅक्स, फुजीफिल्म यांच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत ती मेनूमध्येच दिलेली असते, पॅनासॉनिक तिला पिक्सेल रिफ्रेश म्हणते, आणि निकॉनने झेड नाइनसारख्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ती ग्राहकाच्या हाती दिली आहे. चित्रण संपल्यावर निदान एक मिनिट थांबून मगच ती करावी, असे ऑलिंपसच्या पुस्तिकेत सांगितलेले असते, आणि ते वाजवी आहे. तापलेल्या सेन्सरवर यादी करायला बसले तर तात्पुरते तापलेले पिक्सेलही सदोषांत गणले जायचे. कॅननच्या आरसेवाल्या कॅमेऱ्यांसाठी वापरणाऱ्यांच्या परंपरेत एक तोडगा चालत आला आहे: लेन्स काढून बॉडीचे झाकण लावावे, भरलेली बॅटरी घालावी, हाताने सेन्सर साफ करण्याचा पर्याय निवडून कॅमेरा अर्धा-एक मिनिट तसाच ठेवावा आणि मग बंद करावा. पुष्कळांना याचा गुण येतो. हे न साधले तर अधिकृत सेवा-केंद्रात कॅमेरा देऊन यादी नवी करून घ्यावी. या कशानेही पिक्सेल दुरुस्त होत नाही. त्याची साक्ष इतःपर ग्राह्य धरू नये एवढीच नोंद होते. दोन कोटींत पाचपन्नास जागा शेजाऱ्यांवरून भरल्याने चित्राचे काही बिघडत नाही. लग्नसमारंभाचे चित्रीकरण करणाऱ्यांनी तर ही क्रिया हंगामापूर्वी आवर्जून करावी, कारण व्हिडिओत धडा करायला सवडच नसते, आणि वधूच्या काळ्याभोर केसांत तासभर स्थिर राहिलेला निळा ठिपका मागाहून काढणे फार जिकिरीचे होते.

काजव्यांच्या चित्रणाला मात्र स्वतंत्र वहिवाट पाळावी लागते. कॅमेऱ्यातली नॉइज रिडक्शन बंद ठेवावी. सगळ्या फ्रेम घेऊन झाल्या की ट्रायपॉड न मोडता, त्याच जागी, त्याच आयएसओवर, तेवढ्याच सेकंदांच्या, झाकण लावलेल्या दहा-वीस डार्क फ्रेम घ्याव्यात. अनेक घ्यावयाच्या त्या अशासाठी, की एकाच डार्क फ्रेममध्ये हॉट पिक्सेलबरोबर तिचा स्वतःचा यदृच्छ नॉइजही असतो आणि वजाबाकीने तो उलट चित्रात शिरतो; वीसांचे मध्यक काढले म्हणजे यदृच्छ भाग विरून जातो आणि स्थिर दोष तेवढे उरतात. हे मध्यक प्रत्येक फ्रेममधून रचण्यापूर्वीच वजा करावे. हा क्रम चुकवू नये, कारण उजळ तेवढे राखणारी रचना हॉट पिक्सेलला फार अनुकूल असते: शंभर फ्रेमपैकी एका फ्रेममध्ये जरी तो चमकला तरी तो अंतिम चित्रात कायम होतो, आणि काही पिक्सेल तर मधूनच चमकणारे असतात. काठोकाठ भरून गेलेल्या पिक्सेलमधून वजाबाकी केली तर तेथे काळे भोक पडते. अशा जागा शेजाऱ्यांवरूनच भरून घ्याव्यात. रॉथेरपी आणि डार्कटेबल या मोफत मिळणाऱ्या प्रणालींतही हॉट पिक्सेल वेचून काढण्याची सोय आहे. एवढे करून एखाद्या ठिपक्याविषयी संशय राहिलाच तर त्याचा पत्ता सुट्या फ्रेममधून तपासावा. खरा काजवा एका फ्रेममध्ये असतो, पुढच्या फ्रेममध्ये बहुधा जागा बदलतो, उडता असेल तर आखूड रेघ ओढतो, फोकसबाहेर असेल तर मऊ वर्तुळ होतो. फ्रेममागून फ्रेम तंतोतंत त्याच पिक्सेलवर बसलेला, धारदार कडांचा बिंदू काजवा नसतो.

ताऱ्यांचे चित्रण करणारे हेच तत्त्व उलट बाजूने वापरतात. प्रत्येक फ्रेमनंतर ते दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवितात. नंतर तारे एकमेकांवर जुळवून घेतले की तारे स्थिर राहतात आणि हॉट पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये निराळ्या जागी जातो, व जो आकडा एकट्याच फ्रेममध्ये आढळतो तो बाद करता येतो. याला डिदरिंग म्हणतात. मला ही युक्ती वजाबाकीहूनही अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिला पिक्सेलचा पूर्वेतिहास ठाऊक असण्याची गरज नसते.

हे सर्व कष्ट टाळून कॅमेऱ्यानेच आपोआप सफाई करावी अशी अपेक्षा कोणी करील, तर तिच्यात एक खरा धोका आहे. सोनीच्या अल्फा मालिकेतील काही कॅमेऱ्यांत दीर्घ एक्स्पोजरच्या वेळी शेजाऱ्यांपेक्षा फार उजळ असलेला एकटा पिक्सेल दोष समजून पुसून टाकण्याची व्यवस्था रॉ फाइललाही लागू होत असे, आणि तीत हॉट पिक्सेलबरोबर बारीक तारेही नाहीसे होत; खगोल-छायाचित्रकारांनी या व्यवस्थेला ताराभक्षक असेच नाव दिले. उत्तम लेन्सने ताऱ्याचा बिंदू जितका बारीक टिपावा तितका तो पुसला जाण्याचा संभव अधिक, असा हा विपरीत न्याय. एकाच फ्रेमकडे पाहून तारा आणि दोष यांचा निवाडा सर्व प्रसंगी करता येत नाही. त्याला दुसऱ्या फ्रेमची साक्ष लागते. म्हणून रॉ फाइलमध्ये हात न घालणारा कॅमेरा मी पसंत करतो. दोष दिसला तरी चालेल, पण तो काढण्याचा अधिकार माझ्याकडे राहावा.

वापरलेला कॅमेरा विकत घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी वर सांगितलेल्या तीन अंधाऱ्या फ्रेम घ्याव्यात, आणि सेकंदाच्या साठाव्या भागाच्या फ्रेममध्ये ठिपके दिसले तर पिक्सेल मॅपिंग करून पाहून मगच किंमत ठरवावी. नवा घेतला असेल तर बदलून देण्याच्या मुदतीतच ही परीक्षा उरकावी, कारण तीस सेकंदांच्या एक्स्पोजरला दिसणारे तुरळक बिंदू कंपन्या सहसा दोष मानीत नाहीत. डार्क फ्रेम ज्यांना नेहमी लागतात त्यांनी त्या तापमान, आयएसओ आणि मुदत यांच्या नावाने वेगवेगळ्या फोल्डरांत जपून ठेवाव्यात, आणि वर्षातून एकदा नव्या करून घ्याव्यात; सेन्सरवर मधल्या काळात नवे दोष आलेले असतात, आणि मे महिन्यात भंडारदऱ्याला घेतलेली डार्क फ्रेम डिसेंबरातल्या हरिश्चंद्रगडावरच्या चित्राला लागू पडत नाही.